पोटातल्या बाळाला मारलं तर ‘फक्त मारहाण’?

गरोदर बाईला मारहाण झाली आणि बाळ दगावलं, तरी ‘जन्मच झाला नाही, मग गुन्हा कसला? लावतील साधी मारहाण’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. हा समज अर्धवट वाचनातून आलाय.

मुळात एक वाक्य खरं आहे. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 100 चं स्पष्टीकरण म्हणतं, आईच्या उदरातल्या बाळाचा मृत्यू घडवणं हा मनुष्यवध नव्हे. लोक इथेच थांबतात. पुढची ओळ वाचतच नाहीत: बाळाचा कुठलाही भाग बाहेर आला असेल, तर त्याने श्वास घेतला नसला तरी सदोष मनुष्यवध, म्हणजे गुन्हा ठरणारा मनुष्यवध, होऊ शकतो.

आणि उदरातच गेलं तर? कलम 92 पाहा. त्यातलं उदाहरणच बोलकं आहे: बाईचा जीव जाऊ शकतो हे ठाऊक असूनही एकाने घाला घातला, ती जखमी होऊन वाचली, पण पोटात हालचाल करू लागलेलं बाळ गेलं. शिक्षा 10 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. बाईच्या संमतीशिवाय गर्भपात घडवला, तर कलम 89 नुसार थेट जन्मठेपही होऊ शकते. तिथे गर्भ हालू लागण्याची अटही नाही.

खरी लढाई असते ती आरोपीला काय ठाऊक होतं यावर. सातव्या महिन्याचं पोट समोर दिसत असताना ‘माहीत नव्हतं’ म्हणणं कठीणच. 89 आणि 92 ही कलमंही नवी नाहीत. 1860 च्या दंडसंहितेत तीच अनुक्रमे 313 आणि 316 होती.