ओच्यातली घोळ

एप्रिल-मे महिन्यांत मेथी, पालक उन्हानं माना टाकतात, तेव्हा वाफ्याच्या कडेला घोळ तरारलेली असते. कुणी पेरलेली नसते. लालसर देठ, जाडसर गुळगुळीत पानं आणि सकाळी काही वेळच उमलणारं इवलंसं पिवळं फूल.

ही भाजी आपल्याकडे आजची नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांत शाकवर्गात ती लोणिका, लोणी अशा नावांनी येते. ‘लवण’शी नातं सांगणारं हे नाव एक पान चावलं की पटतं. 1753 मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं तिला ‘पोर्टुलाका ओलेरॅसिआ’ म्हटलं. कोबी आणि पालक यांच्या शास्त्रीय नावांतही हाच ‘ओलेरॅसिआ’ आहे. त्याचा अर्थ भाजीपाल्याची. म्हणजे शास्त्रानं नाव ठेवलं तेच भाजी म्हणून. तण हे नाव शेतानं दिलं. आणि ती जुनी फक्त आपल्याकडेच नाही. कॅनडातल्या क्रॉफर्ड तळ्याच्या गाळात, कोलंबस अमेरिकेत पोचण्याआधीच्या थरांतही तिचे परागकण आणि बिया सापडल्या आहेत.

शेतकऱ्याचा राग समजण्यासारखा आहे. एका झाडाला 2 लाखांवर बिया धरू शकतात. उपटून बांधावर टाकली तरी ती लगेच मरत नाही. देठात पाणी असतं, ओल लागली की पुन्हा मूळ धरते. खुरपलेली घोळ रानाबाहेर न्यावीच लागते. खुरपणाऱ्या बायकांनी ती ओच्यात घातली आणि घरी नेली, यात मला गरिबीइतकंच शहाणपणही दिसतं. कुठलं तण खायचं आणि कुठलं फेकायचं, हे ज्ञान त्यांच्या हातांनी जपलं. तिची धाकटी बहीण चिवळ. पानं बारीक, वेल जमिनीला चिकटलेला. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात चिवळीची भाजी मूगडाळ घालून किंवा बेसन पेरून होते. निवडायला वेळ लागतो, माती जायला तीन-चार पाणी लागतात, पण तिच्याशिवाय तिथला उन्हाळा पुरा होत नाही.

घोळीच्या आंबटपणामागचं कारण मला फार आवडतं. पाणी तुटलं की घोळ दिवसा पानांची छिद्रं मिटून घेते आणि रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. दिवसभरात ते आम्ल खर्ची पडतं. म्हणून पाण्याचा ताण पडलेल्या झाडाची पहाटे खुडलेली पानं जास्त आंबट, संध्याकाळची सौम्य.

1986 मध्ये आर्टेमिस सिमोपौलोस आणि नॉर्मन सेलम या संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात घोळीतल्या ओमेगा-3 स्निग्धाम्लांकडे लक्ष वेधलं. आता शहरी लोकही तिला नव्यानं विचारतात. तिच्यात मुतखड्याला हातभार लावणारं ऑक्सॅलेटही भरपूर असतं. मुतखडा असणाऱ्यांनी ती टाळावी. आपल्याकडची ताकातली घोळ इथं फार योग्य वाटते, कारण ताकातलं कॅल्शियम बरंचसं ऑक्सॅलेट पोटातच बांधून ठेवतं.

खुडताना एक देठ मोडून पाहावा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, दुधी नावाच्या चिकाळ रानतणाच्या (दुधी भोपळ्याच्या नव्हे) जातीचं तण आहे, ते खायचं नाही. घोळीच्या देठातून स्वच्छ पाणी येतं. तणनाशक फवारलेल्या रानातली किंवा गटाराकाठची घोळही नकोच. आता कांद्याच्या वाफ्यांवर फवारणी वाढली आहे, तिथं खुरपणारीच्या ओच्यात घरी न्यायला काही उरत नाही. परसातल्या वाफ्यात उगवली असेल तर शेंडे खुडावेत, बुडखा राहू द्यावा. पाणी मिळालं की ती पुन्हा फुटते.