पायाची लसीकासूज
(स्त्रियांच्या कर्करोगावरील उपचारांनंतरची)

गर्भाशयमुख, गर्भाशय, बीजकोश किंवा योनिमुखाच्या कर्करोगावर उपचार झाल्यानंतर एका किंवा दोन्ही पायांत लसीका (पेशींभोवतालचा पाण्यासारखा द्रव) साचून येणारी, दीर्घकाळ टिकणारी सूज. ओटीपोटातल्या वा जांघेतल्या लसीकाग्रंथी शस्त्रक्रियेत काढल्या, किंवा किरणोपचाराने (बोलीत ‘शेक’) निकामी झाल्या, की पायातला हा द्रव वर चढायची वाट अडते. नुसती ‘पिशवी काढली’ म्हणून सहसा ही सूज येत नाही. हत्तीरोगासारखी दिसली तरी तिचे कारण डासातून आलेला जंत नव्हे. लघवीच्या गोळ्यांनीही ती उतरत नाही.

धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुख तपासणीचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कर्करोगाच्या आधीची अवस्था हाती लागली तर ग्रंथी काढाव्या लागत नाहीत, शेकही लागत नाही, आणि पायही वाचतो. म्हणून गर्भाशयमुखाच्या कर्करोगापुरती तरी या सुजेची खरी रोकथाम तपासणीतच आहे.

सूज उपचारानंतर काही महिन्यांत येते, कधी काही वर्षांनीही. पाय जड पडतो, संध्याकाळी भरून येतो. पुष्कळदा पहिली खूण जोडव्यांची असते: कालपर्यंत सैल फिरणारे जोडवे आज रुतते. त्याच बोटाच्या, म्हणजे अंगठ्याशेजारच्या बोटाच्या, मुळाशी कातडी चिमटीत धरून पाहावी; ती उचलली जात नसेल तर लसीकासुजेची शंका पक्की होते. अशा वेळी जोडवी लगेच काढून ठेवावीत. सौभाग्याचे लेणे म्हणून बोटात रुतू देऊ नये. परकराची नाडीही कमरेला करकचून बांधू नये.

उपचाराचा कणा म्हणजे दाब. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट बोटांपासून वर थरांची पट्टी बांधतो, घोट्याशी घट्ट आणि वर जाताना सैल. सूज उतरली की मापाचा दाबमोजा येतो. तो सकाळी खाटेवरून उतरण्याआधीच चढवावा आणि साधारण सहा महिन्यांनी बदलावा. सोबतची मालिश अगदी हलक्या हाताची असते. तेल लावून रगडल्याने नुकसानच होते. मोजा घालून चालणे, घोटा वरखाली हलवणे चांगले. खुरपणी, वेचणी कायमची बंद करायचे कारण नाही, पण मधूनमधून पाय वर करून बसावे. रात्री खाटेच्या पायथ्याकडच्या खुरांखाली विटा लावाव्यात. एप्रिल-मेच्या उन्हात मोजा नकोसा होतो, हे खरे. तरी काम सकाळच्या गारव्यात उरकून तो टिकवणेच हिताचे.

कातडी जपणे तितकेच महत्त्वाचे. बाभळीचा काटा, भेगाळलेली टाच, बोटांमधल्या चिखल्या यांतून जंतू शिरतात. अनवाणी शेतात जाऊ नये. पाय रोज धुऊन कोरडे करावेत आणि तेल वा मलम लावून मऊ ठेवावेत. बिब्बा घालणे, गरम विटेने शेकणे टाळावे, त्याने फोड येतात. पाय लाल, गरम होऊन थंडीताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, प्रतिजैविके लागतात. एकाच पायाला अचानक, दुखरी सूज आली तर शिरेत रक्ताची गुठळी किंवा उलटलेला कर्करोग नाही ना, हे मालिश किंवा पट्टी सुरू करण्याआधी तपासून घ्यावे लागते.