आग विझल्यावर वर्षांनी येणारे मरण : अग्निशामक जवानांच्या गौरवाची पार्श्वभूमी

दरवर्षी 14 एप्रिलला मराठवाड्यातील अग्निशमन केंद्रांवर ज्यांना मानवंदना दिली जाते, ते 66 जवान 1944 साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाच्या स्फोटात मृत्युमुखी पडले. त्या जहाजावर स्फोटकांबरोबर कापसाच्या गाठीही होत्या, आणि कापसाची आग म्हणजे काय हे परभणी, सेलू, मानवतच्या जिनिंगवाल्यांना वेगळे सांगावे लागत नाही. या दिवसामुळे हौतात्म्याची एक कल्पना रुजली : वर्दी (आगीची खबर) आली, जवान धावला आणि आगीतच पडला. निवृत्तीनंतर मूत्राशयाच्या कर्करोगाने घरच्या खाटेवर गेलेला जवान या कल्पनेत बसत नाही, म्हणून त्याचे नाव 14 एप्रिलला कोणी उच्चारत नाही.

काजळी आणि कर्करोग यांचा संबंध मात्र फार जुना आहे. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने 1775 मध्येच धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो हे दाखवले होते. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये अग्निशामकाच्या कामाला केवळ ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हटले. निःसंदिग्ध कर्करोगकारक ठरवायला जून 2022 उजाडला. मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) आणि मूत्राशयाचा कर्करोग यांबाबत पुरावा पुरेसा आहे, असा तो निष्कर्ष होता. या विलंबाचे मुख्य कारण रोगातच आहे. अस्बेस्टॉस या खनिजाचा तंतू फुप्फुसात गेल्यापासून मेसोथेलिओमा दिसेपर्यंत वीस ते चाळीस वर्षे जाऊ शकतात, आणि तोवर त्या आगीची आठवणही उरलेली नसते.

धोका ज्वाळा शमल्यावरही संपत नाही. धुमसणाऱ्या गाठी उकलताना, ढिगारा उपसताना, थंड करण्याच्या कामात बीए सेट (पाठीवरच्या हवेच्या टाकीचे श्वसन-उपकरण) उतरवून ठेवण्याची जवानांना सवय असते. नेमक्या त्याच वेळी बेंझिन, फॉर्माल्डिहाइड आणि काजळीतील इतर विषारी संयुगे श्वासातून व घामेजल्या त्वचेतून शरीरात जातात. औद्योगिक वसाहतींतील जुन्या शेडवरचे सिमेंटचे पत्रे उष्णतेने तडकले, की त्यांतील अस्बेस्टॉस हवेत मिसळते. काजळी बसलेला गणवेश घरी धुतला गेला, तर ती काजळी घरातही पोहोचते, आणि हा भाग मला सर्वांत क्लेशदायक वाटतो.

कॅलिफोर्नियाने 1982 मध्ये आणि कॅनडातील मॅनिटोबा प्रांताने 2002 मध्ये कायद्याने या बाबतीतले गृहीतक बदलले : ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या जवानाचा कर्करोग नोकरीतूनच झाला असे मानायचे, आणि तसे नसल्यास ते दुसऱ्या पक्षाने सिद्ध करायचे. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील अग्निशामक स्मारकाच्या भिंतीवर आता व्यावसायिक कर्करोगाने गेलेल्यांचीही नावे कोरली जातात. आपल्याकडे 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा आले, पण आग विझवणे हा व्यवसाय म्हणून आला नाही. त्यामुळे कोणत्या आगीत कोणता पदार्थ शरीरात गेला हे दाखवण्याचे ओझे जवानावर किंवा त्याच्या विधवेवर पडते.

मृत जवानाच्या सेवेचा खरा गौरव करायचा, तर त्याने आयुष्यभरात कोणकोणत्या आगी विझवल्या हे सांगणारा कागद हाताशी हवा. वर्दीच्या नोंदीत जागा, वेळ आणि नुकसान यांच्या जोडीने काय जळत होते आणि धुरात कोण किती वेळ होते, हेही त्याच रात्री लिहिले गेले पाहिजे.