खटकणारे शब्दप्रयोग (मराठीतील)

रोजच्या बोलण्या-लिहिण्यातले असे शब्द, जे कानावर पडताच ‘असं नाही म्हणत!’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या ओठांवर येते. ‘मला जॉब भेटला’, ‘तो मला बोलला’, ‘माझी मदत कर’, ‘मी जेवण केलं’, ‘खूप सारे लोक’ ही नेहमीची उदाहरणे. या सगळ्यांना एकाच तागडीत तोलले जाते आणि तिथेच अन्याय होतो, कारण त्यांची कुळे वेगवेगळी आहेत.

काही प्रयोग हिंदीतून जसेच्या तसे आले. मराठीत मदत एखाद्याला करतात. ‘माझी मदत कर’ हे ‘मेरी मदद करो’चे रूप. यात अर्थ तरी शाबूत राहतो. ‘मला मराठी असल्याचा गर्व आहे’ या वाक्यात मात्र तो उलटतो. हिंदीत गर्व म्हणजे अभिमान. मराठीत गर्व म्हणजे ताठा, आणि त्याचे घर खाली असते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. वर्तमानपत्रांतले ‘सोहळा संपन्न झाला’ हेही तसेच. मराठीत घर संपन्न असते, माणूस संपन्न असतो; सोहळा पार पडतो.

‘भेटणे’ची गोष्ट निराळी आहे. प्रमाण मराठीत माणसे भेटतात आणि वस्तू मिळतात. हा भेद सुरेख आहे आणि तो टिकावा असेच वाटते. पण विदर्भात आणि मराठवाड्यात ‘सुट्टे भेटतील का?’ हे गल्ल्यावरचे साधे, घरचे वाक्य आहे. ‘म्हणाला’च्या जागी ‘बोलला’ मुंबईत आणि किनाऱ्याकडे सर्रास चालते. हे बोलणारा चुकत नसतो. तो आपल्या आईची भाषा बोलत असतो. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसणे हा तर उघड जातीचा आणि गावाचा हिशेब आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. हे अठराही नियम लिहिण्याचे आहेत. त्यांच्याभोवती रुळलेला ‘शुद्ध-अशुद्ध’ हा शब्द मात्र लोकांनी बोलण्यालाही लावला.

खरा त्रास देतात ती सभेतली पालुपदे. सत्कार समारंभात माईक हातात आला की ऐकू येते: “आज या ठिकाणी आपण सर्वजण या ठिकाणी उपस्थित राहिलात, त्याबद्दल मी या ठिकाणी आपले आभार मानतो.” तिन्ही ‘या ठिकाणी’ काढून टाका, वाक्याचे काहीही बिघडत नाही. हातात कागद नसलेल्या वक्त्याला पुढचा शब्द सुचेपर्यंत दम घ्यायला ही जागा लागते. खासगी गप्पांत तेच काम ‘कसंय ना’, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ करतात. गप्पांत ते सहज खपते. माईकवरून तेच शब्द वीस मिनिटे कानावर आदळले की समोरची माणसे मोबाइल काढतात. ‘च्या माध्यमातून’ हे याचेच भावंड: ‘ग्रामपंचायतीच्या माध्यमातून रस्ता झाला’. ‘ग्रामपंचायतीने रस्ता केला’ म्हटले की करणारा कोण ते कळते, आणि रस्ता उखडल्यावर कुणाला विचारायचे तेही.

परक्या शब्दांवरची नाराजी मराठीला नवी नाही. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून राजव्यवहारकोश तयार झाला, तो कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीने ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ असे शब्द दिले आणि ते अंगवळणी पडले. पण ‘कागद’, ‘हवा’, ‘जमीन’, ‘सरकार’ हे शब्दही कुठे गेले नाहीत. आज ते कुणाच्याच कानाला टोचत नाहीत.