पाणी हिरवे झाले म्हणून तळे उपसू नका
(बागेतील तळ्याच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

बागेत तळे बांधून घेतलेल्या बहुतेक ग्राहकांचा पहिला दूरध्वनी आम्हाला तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात येतो आणि प्रश्न ठरलेला असतो: पाणी हिरवेगार झाले आहे, आता काय करायचे? पुष्कळदा तोवर मोटार लावून तळे उपसलेले असते, माळ्याने तळाचा प्लास्टिकचा कागद खराट्याने घासून लख्ख केलेला असतो आणि टँकरचे नवे पाणी भरूनही झालेले असते. असे करू नये, ही आमची आपल्याला कळकळीची विनंती आहे.

नव्या तळ्याचे पाणी हिरवे होते ते सूक्ष्म शेवाळामुळे. कुंड्यांतील मातीतून आणि बोअरच्या पाण्यातून नायट्रेटसारखी द्रव्ये तळ्यात उतरतात, डोक्यावर ऊन असते आणि ते खत वापरून टाकतील अशा वनस्पती अजून रुजलेल्या नसतात. तेव्हा शेवाळ फोफावणारच. हायड्रिला आणि कुमुद यांनी जोर धरला, काठावरच्या वेखंडाची आणि ब्राह्मीची मुळे पाण्यात पसरली आणि शेवाळ खाणारे जलपिसवांसारखे बारीक जीव वाढले की पाणी आपोआप निवळते. आमच्या अनुभवानुसार त्याला सहा ते आठ आठवडे लागतात, भर उन्हाळ्यात तळे भरले असेल तर थोडे अधिक. तळे उपसले की ही सारी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते आणि नव्या पाण्याबरोबर शेवाळाला नवे खतही मिळते. बारा फूट लांब, आठ फूट रुंद आणि मध्यभागी अडीच फूट खोल अशा आमच्या नेहमीच्या तळ्यात सुमारे ३५०० लिटर पाणी मावते. तेवढे पाणी वाया घालवून आपण पुन्हा त्याच हिरव्या पाण्यापाशी येतो.

डासांच्या भीतीने तळे उपसणाऱ्यांचे नुकसान तर दुहेरी होते. उबदार हवेत डासाची पिढी अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होते, तर त्याच्या अळ्या खाणाऱ्या चतुरांच्या आणि टाचण्यांच्या (चतुरासारख्याच, पण बारीक किड्यांच्या) अळ्यांना वाढायला कित्येक आठवडे, काही जातींना महिने लागतात. त्यामुळे धुऊन भरलेल्या तळ्यात डास आधी येतात आणि त्यांचे शत्रू मागाहून. शंका आल्यास पांढऱ्या वाटीत काठाचे पाणी घेऊन पाहावे. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर बीटीआयचे (डासांच्या अळ्या मारणाऱ्या जिवाणूचे) दाणे आम्ही देतो, ते बेडकांच्या पिल्लांना अपाय करत नाहीत. डेंग्यूचा डास मात्र आधी कूलर, कुंडीखालच्या ताटल्या आणि उघडी पिंपे यांत शोधावा.

गेल्या वर्षी मुळशीकडच्या एका बंगल्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा तळ्यातला गाळ काढून फणसाच्या बुंध्याशी ओतलेला होता. त्यातला ओंजळभर गाळ आम्ही परातीत पाणी घालून ढवळला, तर चतुरांच्या अकरा अळ्या निघाल्या. मातकट रंगाच्या, नखाएवढ्या, पाय आखडून निपचित पडलेल्या. दोन-तीन मिनिटांनी त्यांतील सहा हलू लागल्या. त्याच घरी काठावरच्या पानाला चिकटलेला पांढरा फेस साबणाचा समजून नळीने धुऊन टाकलेला होता. ते झाडबेडकाचे घरटे होते. पाण्यावर झुकलेल्या पानावर हा बेडूक फेसात अंडी घालतो आणि काही दिवसांनी पिल्ले टपटप पाण्यात पडतात. पावसाळ्यात असा फेस दिसला तर कृपया त्याला हात लावू नये.

तळ्याला खरे तर फार थोडे लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दिवसाला सुमारे ८ ते १० मिलिमीटर पाणी उडून जाते, म्हणजे वरील मापाच्या तळ्यातून रोज सुमारे ७०-९० लिटर. ही तूट दोन-तीन दिवसांनी एकदम भरून काढावी. नळाचे पाणी दोन दिवस उघड्या पिंपात ठेवून मगच ओतावे. छपरावरचे पावसाचे पाणी मिळाले तर त्याहून उत्तम. तंतूंचे शेवाळ काठीला गुंडाळून काढावे आणि रात्रभर काठावरच ठेवावे, म्हणजे त्यातले जीव परत पाण्यात जातात. गाळ दोन-तीन वर्षांतून एकदा, हिवाळा सरताना आणि निम्माच काढावा. मोरचूद, तुरटी आणि ब्लिचिंग पावडर यांचा वापर कधीही करू नये. मोरचूद शेवाळाबरोबर गोगलगायी आणि बेडकांची पिल्लेही मारते.

आम्ही गप्पी मासे का सोडत नाही, असेही विचारले जाते. बंदिस्त टाकीत ते उपयोगी असतील, परंतु तळ्यात ते बेडकांची अंडी आणि लहान पिल्लेही फस्त करतात. ज्यांना रंगीत मासेच हवेत त्यांना आम्ही वेगळी टाकी सुचवतो. कारंजे आणि फिल्टर आम्ही दरपत्रकात धरत नाही, कारण पंप पाण्याबरोबर बारीक जीवही ओढून घेतो. त्याऐवजी एका बाजूला दगडगोट्यांचा लांब, मंद उतार करण्यावर आमची मजुरी खर्च होते. शेततळ्याच्या उभ्या, गुळगुळीत कागदावरून खार किंवा मुंगूस घसरले तर वर येऊ शकत नाही, आणि धोबी, बुलबुल, नाचण यांना अंघोळीला जेमतेम दोन बोटे पाणी हवे असते. घरात लहान मुले असतील तर उतार असूनही कुंपण करून घ्यावेच.

नव्या तळ्यासोबत आमच्या जुन्या तळ्यातले दोन बादल्या पाणी आणि थोडा गाळ आम्ही विनामूल्य देतो. विरजण लागावे तसे त्याने काम लवकर सुरू होते. उपसलेल्या तळ्यात पुन्हा लागवड करण्याचा खर्च मात्र वेगळा आकारावा लागतो. पाण्याविषयी दूरध्वनी करण्यापूर्वी ते काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरलेले छायाचित्र आणि तळे भरल्याची तारीख पाठवावी. बहुतेक वेळा तेवढ्यावरून फेरी न मारता आम्ही सांगू शकतो. पावसाळ्यापूर्वीची खोदाई मेअखेर संपते, तेव्हा मृगाच्या पावसाने तळे भरावे अशी इच्छा असणाऱ्यांनी जागा पाहण्यासाठी आम्हाला मार्चमध्येच बोलवावे.