सांगोल्याची चुनखडी आणि कांगेरचा चुनखडक

सांगोला-मंगळवेढ्याकडे विहीर खणताना मातीखाली पांढरे खडे निघतात. बस्तरच्या गुहा पाहून आलेला कुणीतरी मग हमखास विचारतो, चुनखडी इथंही आहे, गुहा का नाहीत?

कारण आपली चुनखडी हा खडकच नव्हे. आपला खडक काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. तो झिजताना कॅल्शियम सुटतं आणि पावसाबरोबर मातीत उतरतं. पण वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस ते धुऊन न्यायला पुरत नाही. ओल उडून जाते, चुना मागं राहून त्याचे खडे धरतात. अशा रानात लोह असूनही मुळांना मिळत नाही, मग उसावर केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी-पांढरी पडतात.

छत्तीसगडमध्ये जगदलपूरजवळ कांगेर नदीच्या खोऱ्यात उलटं आहे. तिथं जमिनीखालचा पाषाणच चुन्याचा. पाऊस आपल्या दुपटीहून जास्त, वर साल-सागाचं जंगल. पालापाचोळ्यातून मुरणारं पाणी कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि फटींतून उतरताना दगडच विरघळवतं. कोटुमसरची गुहा अशीच पोखरली गेली. तिच्या छतातून लोंबणारे स्तंभ मात्र पाण्यातून पुन्हा साचलेल्या चुन्याचे. तेवढ्यापुरते ते आपल्या खड्यांचे भाऊबंद.

वस्तीही वेगळी. कांगेरच्या परिसरात धुरवा लोकांची गावं आहेत. जंगल राखीव करण्याविरुद्ध 1910 मध्ये बस्तरमध्ये भूमकाल नावाचा आदिवासींचा उठाव पेटला, त्याचा पुढारी गुंडाधूर याच भागातल्या नेतानारचा. 1982 मध्ये खोरं राष्ट्रीय उद्यान झालं. आपल्याकडे भीमा-सीनेच्या काठानं काळीत शेत आणि पांढरीवर गाव. ही पांढरीची मातीही कुणी चुनखडीच समजतं. ती खरं तर पिढ्यान्‌पिढ्या ढासळलेल्या मातीच्या घरांची आणि चुलीतल्या राखेची.

बोअरवाला ‘खाली नदी लागली’ म्हणाला तर हसून सोडून द्यावं. जमिनीखालून वाहणारे ओढे चुनखडकात असतात. काळ्या पाषाणात पाणी मुरमात आणि भेगांत साठतं, म्हणून एका बांधावर बोअर लागतं आणि शेजारचं कोरडं जातं.

खरा चुनखडक पाहायला बस्तर गाठायची गरज नाही. भीमा पुढं कलबुर्गी जिल्ह्यात शिरते, त्याच जिल्ह्यातली शहाबादी फरशी सोलापुरात घरोघरी आहे. तिच्यावर लिंबू सांडून राहिलं की पांढुरका डाग पडतो, तो दगड विरघळल्याचा.