३९ वर्षांचा आकडा आणि त्यामागची सव्वाशे वर्षे

गोवंडीतला माणूस सरासरी ३९ वर्षेच जगतो, हे वाक्य गेली पंधरा वर्षे भाषणांत, बातम्यांत आणि संस्थांच्या प्रस्तावांत फिरते आहे. त्याचा उगम २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात आहे. महापालिकेच्या २४ प्रशासकीय विभागांत एम पूर्व, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, देवनार, शिवाजीनगर, बैंगनवाडी, ट्रॉम्बे हा पट्टा, तळाला होता. मानव विकास निर्देशांक ०.०५. बालमृत्यूदर हजारी ६६ च्या आसपास. आणि मृत्यूसमयीचे सरासरी वय सुमारे ३९. आकडा अहवालातलाच आहे, पण त्यावरून केलेले वाक्य चुकीचे आहे.

मृत्यूसमयीचे सरासरी वय म्हणजे त्या वर्षी जे वारले त्यांच्या वयांची बेरीज भागिले मृतांची संख्या. आयुर्मान काढायचे तर प्रत्येक वयोगटात किती लोक जिवंत होते आणि त्यातले किती गेले, हे आधी लागते. पहिल्या आकड्यात वस्तीच्या वयाची घडण मिसळलेली असते. समजा दोन विभागांत मरणाचा धोका अगदी सारखा आहे: तिशीच्या आतल्यांत हजारी २, तिशीच्या पुढे हजारी १५. लहान गटातले सरासरी १० व्या वर्षी जातात, मोठ्या गटातले ६५ व्या. पहिल्या विभागात ७० हजार तरुण आणि ३० हजार वयस्क असतील तर मृत्यूसमयीचे सरासरी वय येते ५२. दुसऱ्यात ४० हजार तरुण आणि ६० हजार वयस्क असतील तर साडेसाठ. धोक्यात तसूभर फरक नसताना साडेआठ वर्षांची दरी. एम पूर्व तर लहान मुलांनी भरलेला विभाग. त्यात तान्ह्या मुलांचे मृत्यू शून्य वयाने मोजले जातात आणि सरासरी झपाट्याने खाली ओढतात. म्हणून तिथला तरुण चाळिशी गाठत नाही असा अर्थ काढणे चूक. तिथे मुले फार मरतात आणि म्हातारे थोडे आहेत, एवढाच अर्थ त्यातून निघतो. तोही काही कमी गंभीर नाही.

दुसरी अडचण नोंदीची. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवला जातो. शिवाजीनगरचा रुग्ण शीवच्या (सायनच्या) लोकमान्य टिळक रुग्णालयात गेला तर नोंद एफ उत्तर विभागात; घाटकोपरच्या राजावाडीत गेला तर एन विभागात. राहत्या पत्त्यावरून तो मृत्यू परत एम पूर्वच्या खात्यात आणावा लागतो, आणि ‘गोवंडी, मुंबई’ एवढाच पत्ता लिहिला असेल तर तेही नीट जमत नाही. आजार बळावल्यावर गावी निघून गेलेला माणूस मुंबईच्या हिशेबातून पुरता गळतो. शिवाय याच विभागात अणुशक्तीनगर आहे: अणुऊर्जा विभागाची आखीव वसाहत, स्वतःचे रुग्णालय, मोकळी हवा. तिची आणि कचराभूमीला टेकलेल्या रफीनगरची सरासरी एकत्र काढली की दोन्हींबद्दल काहीच कळत नाही. विभागवार आकडा वापरणाऱ्याने हे तीन प्रश्न आधी विचारावेत: कोणते माप, कोणत्या पत्त्याने, कोणाकोणाची सरासरी.

आता हा विभाग असा का झाला, ते.

सप्टेंबर १८९६ मध्ये दक्षिण मुंबईतल्या मांडवीत प्लेग उघडकीस आला. दाट वस्ती आणि साठलेला कचरा यांकडे बोट दाखवले गेले. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन गल्ल्या पाडण्याचे काम सुरू झाले, आणि शहराचा कचरा रेल्वेने चेंबूरपलीकडच्या खाजणात नेऊन टाकायची सोय झाली. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची मानली जाते. क्षेत्र सुमारे १३२ हेक्टर. दक्षिण मुंबईच्या आरोग्यासाठी घेतलेला तो निर्णय त्या काळच्या समजुतीप्रमाणे योग्यच होता, कारण देवनार तेव्हा शहराबाहेर होते. गडबड पुढे झाली. शहर पसरत देवनारपर्यंत आले, तरी ‘नको ते तिकडे’ ही सवय काही सुटली नाही. १९५० च्या दशकात शेजारच्या माहुलला तेल शुद्धीकरण कारखाने आले. १९७१ मध्ये वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला हलला. शहरभरचा रुग्णालयीन कचरा जाळणारी भट्टी २००९ पासून गोवंडीत धुमसत होती. रहिवाशांच्या जनहित याचिकेवर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ती खालापूर तालुक्यात हलवायला सांगून दोन वर्षांची मुदत दिली.

सामानापाठोपाठ माणसे आली, बहुतेक वेळा आणली गेली. १९७० च्या दशकात शहरातल्या पाडलेल्या झोपड्यांतल्या लोकांना शिवाजीनगर-बैंगनवाडीत १० बाय १५ फुटांचे भूखंड आखून दिले. आखणी सरळ रेषेतली, म्हणून आजही तिथे पत्ता प्लॉट नंबर आणि रोड नंबरने सांगतात. जमीन मात्र खाजणाची, भरती आली की गटाराचे पाणी उलटे घरात शिरणारी. १९७६ मध्ये, आणीबाणीत, अणुशक्तीनगरला लागून असलेली जनता कॉलनी पाडली गेली आणि सुमारे ७० हजार लोकांना चीता कॅम्पच्या दलदलीत हलवले. पुढे २००० नंतर रेल्वे आणि रस्ते प्रकल्पांसाठी रुळांकाठची घरे हटली, तीही बरीचशी इथेच: मानखुर्दचे लल्लूभाई कंपाऊंड, गोवंडीचे नटवर पारेख कंपाऊंड. २०११ च्या जनगणनेत विभागाची लोकसंख्या ८ लाखांवर होती. बहुसंख्य लोक झोपडपट्टीत राहत होते.

स्थलांतर एकदाच होते. तारखेचा फास मात्र रोज आवळतो. १९७१ चा झोपडपट्टी कायदा, १९७६ ची झोपडी गणना आणि तिच्यात मोजलेल्यांना मिळालेला फोटोपास हा ओळखपुरावा, पुढे १ जानेवारी १९९५ आणि मग १ जानेवारी २००० ही पात्रतेची तारीख. पात्रता खरे तर घराच्या पुनर्वसनासाठी होती. १९९६ च्या शासकीय परिपत्रकाने ती पाण्यालाही जोडली: तारखेनंतरच्या झोपडीला नळजोडणी नाही. आजारपणाच्या बाबतीत एम पूर्वमध्ये याहून दूरवर पोचलेला कागद दुसरा नसेल. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने सांगितले की घर बेकायदा असले तरी पाणी नाकारता येणार नाही; जगण्याच्या हक्कात पाणी येते. त्यानंतरही सर्वांसाठी पाणी हे धोरण प्रत्यक्ष लागू व्हायला २०२२ उजाडले.

जोडणी नसली म्हणजे माणूस पाण्यावाचून राहतो असे नाही. तो लांबून, महाग आणि घाण पाणी घेतो. मुख्य जलवाहिनीपासून अर्ध्या इंचाचे नळ शेकडो फूट ओढलेले असतात, आणि गल्ली अरुंद असल्याने ते गटाराच्या कडेने किंवा गटारातूनच जातात. सांधे गंजतात. पाणी दिवसातून दोन-तीन तासच येते. उरलेला वेळ नळी रिकामी, आत दाब शून्य. पाणी यायच्या वेळी प्रत्येक जण मोटर लावतो, नळीत ओढ निर्माण होते आणि फटीतून गटाराचे पाणी आत खेचले जाते. म्हणून पहिली काही मिनिटे काळसर, वास मारणारे पाणी येते, आणि बायका ते सोडून देतात. सोडून दिल्याने काम भागत नाही, कारण दिसायला स्वच्छ पाण्यातही जंतू असतात. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा. जलशुद्धीकरण केंद्रातून तो भरपूर निघतो, गटाराची घाण मिसळली की वाटेतच संपतो. नमुना मुख्य वाहिनीवर घेतला तर अहवाल उत्तम येतो. तो घरातल्या शेवटच्या नळावर, पाणी आल्या आल्या घ्यायला हवा. मग साठवण: निळी पिंपे, झाकण अर्धवट, आठ-दहा दिवसांत डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची एक पिढी. सतत जुलाब होणाऱ्या मुलाने खाल्लेले अंगी लागत नाही. अंगणवाडीत त्याच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली भरला की त्याला तीव्र कुपोषित म्हणतात आणि आहार वाढवतात. नळी मात्र तीच राहते.

शौचालयाचे गणित याच जातीचे. स्वच्छ भारतच्या निकषाप्रमाणे ३५ पुरुषांमागे आणि २५ स्त्रियांमागे एक सीट हवी. कागदावर सीट असते, पण दार तुटलेले, पाणी नाही, टाकी भरलेली. बायका रात्री पाणी कमी पितात, मूत्रमार्गाचे संसर्ग त्यातूनच.

झोपडीतून इमारतीत गेल्यावर हे सुटायला हवे होते. जुलाब काही प्रमाणात सुटले, क्षयरोग वाढला. याचे कारण बांधकामाच्या नियमांत आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या विकास नियंत्रण नियम ३३(१०) खाली निव्वळ हेक्टरी किमान ५०० सदनिकांची घनता धरली गेली, आणि पुनर्वसन इमारतींना मोकळ्या जागेच्या अटींत सवलती मिळाल्या. परिणामी पाच ते सात मजली इमारतींमध्ये जेमतेम ३ मीटर अंतर, २२५ चौरस फुटांची खोली, मधल्या अंधाऱ्या वऱ्हांड्यावर दार आणि त्या ३ मीटरच्या बोळाकडे एकच खिडकी. बोळात वरून कचरा पडतो, उंदीर होतात, म्हणून खालचे लोक तीही बंद ठेवतात. क्षयाचे जंतू खोकल्याच्या सूक्ष्म थेंबांतून तासन्‌तास हवेत तरंगतात. त्यांना घालवायला वारा लागतो, मारायला ऊन. खालच्या मजल्यांना दोन्ही नाही. २०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासाने लल्लूभाई आणि नटवर पारेख या वसाहतींत हेच दाखवले: क्षय खालच्या मजल्यांवर जास्त. वास्तुरचनेने आजार होतो, हे त्यामुळे चर्चेत आले.

औषधे फुकट आहेत, तरी उपचार तुटतात. साध्या क्षयाला सहा महिने, त्यात पहिले दोन महिने चार औषधे. दोन-तीन आठवड्यांत खोकला थांबतो, ताप जातो, रोजंदारीवरचा माणूस कामावर परततो आणि गोळ्या सोडतो. किंवा गावी जातो आणि त्याचा निक्षय क्रमांक, म्हणजे सरकारी क्षय नोंदणीतला क्रमांक, तिकडच्या केंद्राला कळवला जात नाही. किंवा आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे महिनाभर नुसती अँटिबायोटिक्स घेतो. यातूनच औषधांना न जुमानणारा क्षय वाढतो. चाचणी केलेल्या सर्व औषधांना दाद न देणारे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांना आढळल्याची बातमी २०१२ च्या जानेवारीत आली, तेव्हा धावपळ झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात देशभर क्षयाची नोंद बंधनकारक झाली. जनुकीय चाचणीने रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला प्रतिकार आहे की नाही हे दोन तासांत कळते. अडते ते थुंकीचा नमुना चाचणीपर्यंत पोचण्यात. पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये मिळतात, बँक खाते आधारशी जुळले असेल तर.

महापालिकेची प्राथमिक सेवा १९८८ च्या जागतिक बँकेच्या पाचव्या लोकसंख्या प्रकल्पातून वाढली. ५० हजार वस्तीमागे एक आरोग्य केंद्र, घरोघर जाणाऱ्या आरोग्य सेविका. त्या प्रकल्पाचा हेतू कुटुंबनियोजन होता, आणि तो ठसा अजून पुसलेला नाही: गरोदर बाई आणि तान्हे मूल यांची यादी चोख, मधुमेह-रक्तदाबाच्या चाळिशीतल्या पुरुषाची यादीच नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गोवर फुटला तेव्हा तान्ह्या मुलांची यादीसुद्धा तोकडी पडली. गोवर थोपवायला दोन्ही डोस मिळून ९५ टक्के मुले संरक्षित हवीत. नव्याने आलेली, भाड्याने राहणारी, खोली बदलणारी कुटुंबे सेविकेच्या वहीत नव्हती. त्यात लसीची कुपी एकदा विरघळवली की चार तासांत संपवावी लागते; दोनच मुले आली तर कुपी फोडायची की उरलेले डोस वाया जातील म्हणून आईला ‘पुढच्या मंगळवारी या’ सांगायचे? नियम फोडा असे सांगतो, प्रत्यक्षात आईला परत पाठवले जाते, आणि रोजगार बुडवून आलेली ती बाई पुन्हा येत नाही. साथीत नऊ महिन्यांच्या आतल्या मुलांनाही जादा डोस द्यावा लागला.

रुग्णालय या साखळीतला शेवटचा दुवा. गोवंडीचे शताब्दी रुग्णालय विभागातले मोठे, पण गुंतागुंतीची प्रसूती, कमी वजनाचे बाळ, अपघात, हृदयविकार यांत अनेकदा ‘सायनला न्या’. ट्रॉम्बेच्या रस्त्यावर संध्याकाळी अवजड ट्रकच्या रांगा असतात, आणि गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही; रुग्णाला चादरीत उचलून नाक्यापर्यंत आणतात. २०२२ च्या अखेरीस ‘आपला दवाखाना’ ही महापालिकेची वस्तीतली दवाखान्यांची योजना सुरू झाल्याने संध्याकाळी तपासणीची सोय झाली. कामकरी माणसासाठी हा बदल मोलाचा आहे, आणि तो तीस वर्षे आधी व्हायला काहीच हरकत नव्हती.

जानेवारी २०१६ मध्ये कचराभूमीला आग लागून धूर अवकाशातून दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कुजणाऱ्या कचऱ्यातला मिथेन खोल थरांत पेट घेतो. वरून पाणी मारले तरी आतली धग आठवडे टिकते आणि सर्वांत विषारी धूर याच मंद जळण्यातून येतो. २०२४ मध्ये राज्य सरकारने याच भूमीची सुमारे १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासातल्या अपात्र कुटुंबांच्या घरांसाठी द्यायचे ठरवले, आणि घरे बांधण्याआधी तिथे साठलेला सुमारे १८५ लाख टन कचरा उपसून हलवण्याचे काम महापालिकेने हाती घेतले. इमारतींमधले अंतर, नळाच्या टोकाचा क्लोरीन आणि जमिनीखालच्या मिथेनचे मोजमाप, या तीन गोष्टी आराखड्यात कशा लिहिल्या आहेत ते पाया खणण्याआधी तपासता येते.